पावणेदोन मीटर

सिनेमात मी नायिकेकडे कमी बघतो.
खिडकीकडे बघतो.
वारा नसताना पडदा हलला
की समजायचं, आता पत्र येणार,
नाहीतर थोरल्या घरचा मुलगा
जिन्यावरून एकेक पायरी उतरत
खालच्या पोरीला नाही म्हणणार.
जिना असतोच. ज्याचं चालतं तो वर.
ती खाली, आणि कठड्याच्या गजांची सावली
बरोबर तिच्या तोंडावर पाडलेली.
संवाद लिहिणाऱ्यानं काहीही लिहू दे,
खरं काय ते लाइटवाल्यानं आधीच सांगितलेलं असतं.

हे मला कुणी शिकवलं नाही.
बाप शिंपी. जत्रेत तंबू लागला
की फाटका पडदा आमच्याच मशीनवर यायचा.
एका साली बैलानं मधोमध शिंग घातलं.
बापानं ठिगळ लावलं, दुहेरी शिवण,
आणि त्या जत्रेतल्या सगळ्या नायिका
गालावर आमची शिवण घेऊन रडल्या.
मजुरीत फुकट बसायला मिळायचं,
पण पडद्याच्या मागच्या अंगाला.
तिथं अक्षरं उलटी, पदर उजव्या खांद्यावर,
सासरा डाव्या हातानं थोबाडीत मारायचा.
डावं-उजवं म्हणजे काय
ते मला तिथं कळलं, मातीत बसून.
रडू मात्र दोन्हीकडं एकदमच यायचं.

आता शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत
माझं पडद्यांचं दुकान आहे.
मी मापं घेतो, मोतालेब फिटिंग करतो.
मागं अजऱ्याला एका बंगल्यात गेलो
आणि दारातच हसू आलं मला,
कुणीतरी सेट लावून ठेवलाय.
दुहेरी जिना, झुंबर, सोनेरी चौकटीचा आरसा,
अकरा खिडक्या, आणि एकीतूनही
कुणी बाहेर बघत नसावं अशी काचांवर धूळ.
मॅडम वरच्या पायरीवरून रंग सांगत होत्या.
मखमल. डाळिंबी. अस्तर काळं,
उजेडाचा कणसुद्धा नको.
डोळे सुजलेले. खाली गालिच्यावर
एकच पुरुषी चप्पल, उलटी पडलेली.
सिनेमात इथं कॅमेरा आरशाकडे गेला असता.
मी टेप धरून उभा. तरी दिसायचं ते दिसलंच:
आरशात मॅडमची पाठ, आणि अगदी कडेला,
चौकटीनं अर्धी कापलेली,
ट्रे घेऊन उभी असलेली अल्माझ.

निघताना तिनं मला स्वयंपाकघरामागं नेलं.
तिची खोली. घरच्यांच्या सुटकेसा,
पलंग, पाण्याचा हीटर, चार भिंती.
तिनं पलंगापाशी भिंतीला बोट लावलं
आणि बोटानंच एक चौकोन काढला.
"श्वैया," म्हणाली. थोडंसं.
मी म्हटलं, इथं खिडकी नाही.
"मालूम," ती म्हणाली.

मग मी भिंतीचं माप घेतलं.
खरंच घेतलं. रुंदी, उंची, चुण्यांसाठी दुप्पट.
मोतालेब माझ्याकडं बघत राहिला,
मग काही न बोलता वहीत आकडे लिहू लागला.

आठवड्यानं पडदे लागले.
अकरा खिडक्या डाळिंबी मखमलीत मिटल्या,
भर दुपारी घरात दिवे लावावे लागले.
शेवटी तिचा. तोच रंग. अस्तर नाही,
अस्तराचं काम नव्हतं.
तिनं दोरी ओढली. उघडला. भिंत.
पुन्हा ओढली. मिटला.
परत उघडला, आणि या वेळी
ती जरा वाकून बघू लागली.
सिनेमात इथं व्हायोलिनं उठली असती,
चेहरा पडदाभर झाला असता,
पुढचे आणि मागचे, सगळे रडले असते.
इथं हीटर टिक करून बंद झाला.
वरून हाक आली. ती गेली.
पडदा थोडा वेळ हलत राहिला,
जाताना तिचा खांदा लागला असेल.

बिल अकरा खिडक्यांचं केलं.
दुकानाच्या वहीत खाली एक ओळ टाकली:
कापताना वाया गेलं, पावणेदोन मीटर.